भाव कुठे जाईल, याच्या आधीचा प्रश्न

११ ऑक्टोबर २०२५ ची पहाट. भारतात शनिवार उजाडायचा होता, अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ चालू होती. चिनी मालावर शंभर टक्के जादा आयातशुल्क लावण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी केली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वादोन वाजून गेले होते. न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला होता आणि आशियातले बाजार सोमवारशिवाय उघडणार नव्हते. क्रिप्टोचा बाजार मात्र कधीच बंद होत नाही, त्यामुळे घबराटीचा सगळा भार त्याच्यावर पडला. आदल्या दिवशी १ लाख २१ हजार डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन १ लाख ५ हजारांच्याही खाली जाऊन आला. छोट्या नाण्यांपैकी कित्येक काही मिनिटांत निम्म्याहून खाली गेली. चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे सौदे एक्सचेंजच्या यंत्रणांनी परस्पर बंद केले आणि सोळा लाखांहून अधिक ट्रेडरना त्याचा फटका बसला. क्रिप्टोच्या इतिहासात एका दिवसातली ही सर्वांत मोठी नोंद आहे.

१९ अब्ज हा आकडा उधारीसकट सौद्यांच्या आकाराचा आहे. लोकांच्या खिशातून गेलेला पैसा त्याहून बराच कमी होता. पण त्या रात्रीचा खरा धडा आकड्यात नाहीच. स्वतःच्या पैशाने एक लाखाचा बिटकॉइन घेऊन ठेवलेल्या माणसाकडे भाव तळाला असतानाही ८५-८६ हजारांचा माल शिल्लक होता. दहापट लिव्हरेज, म्हणजे उधारी, घेऊन तोच बिटकॉइन विकत घेतलेल्या माणसाकडे काहीच उरले नाही. पुढच्या काही तासांत भाव सावरला, तेव्हा सावरण्यासाठी त्याच्या खात्यात सौदाच नव्हता. दोघांचा अंदाज एकच होता, मालही एकच. फरक होता तो सौदा किती मोठा घेतला, एवढाच.

लिव्हरेजच्या व्यापारात नवा माणूस सगळी शक्ती भाव कुठे जाईल या प्रश्नावर खर्च करतो. चार्ट, इंडिकेटर, टेलिग्रामवरच्या टिपा, रात्री अकराचे यूट्यूब लाइव्ह, सगळे त्या एका प्रश्नाभोवती फिरते. त्याआधीचा प्रश्न, आपण चुकलो तर किती जाईल आणि ते आपल्याला झेपेल का, हा विचारलाच जात नाही. या लेखनाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे. भावाचे उत्तर कोणाच्याच हातात नसते. किती लावायचे याचे उत्तर संपूर्णपणे आपल्या हातात असते, आणि खाते टिकते की उडते हे मुख्यतः त्यावरच ठरते.

हा विषय ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकापुढे ठेवण्याला कारण आहे. हा पगारदारांचा पट्टा. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक उभी राहिली, १९७२ मध्ये ठाणे जनता सहकारी बँक, पाठोपाठ कल्याण जनता सहकारी बँक. गिरणी-कारखान्यातल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या माणसांनी मुदत ठेवी, रिकरिंग आणि भिशी यांवर इथे घरे उभी केली. पैशाच्या बाबतीतली शिस्त ही या गावांची जुनी कमाई आहे. तरीही गेल्या काही वर्षांत याच घरांना लागोपाठ धक्के बसले. २०१८ च्या जूनमध्ये ठाणे पोलिसांनी ‘मनी ट्रेड कॉइन’ नावाच्या कथित क्रिप्टो नाण्याबद्दल गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी पुण्यात ‘गेनबिटकॉइन’चे प्रकरण पोलिसांत गेले, महिन्याला दहा टक्क्यांचे आश्वासन देणारे. २०१९ च्या ऐन दिवाळीत गुडविन ज्वेलर्सची ठाणे-डोंबिवलीतली दुकाने बंद झाली आणि दरमहा हप्ते भरलेली कुटुंबे बंद शटरपुढे उभी राहिली. २०२५ च्या जानेवारीत ‘टोरेस’ कोसळले. त्याची एक शाखा कल्याणमध्ये होती आणि दर आठवड्याला परतावा हे त्याचे आमिष होते.

ही सगळी प्रकरणे फसवणुकीची आहेत, लिव्हरेजची नव्हेत. हे वेगळे सांगणे गरजेचे आहे, कारण दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो: ‘आपले ॲप खरे आहे, म्हणजे आपला पैसा सुरक्षित आहे.’ खऱ्या ॲपवर, खऱ्या भावाने, कोणीही न फसवता, सगळ्या नियमांनुसार पूर्ण भांडवल एका रात्रीत जाऊ शकते. फसवणुकीविरुद्ध पोलिसांत जाता येते आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. लिक्विडेशनची, म्हणजे एक्सचेंजने सौदा परस्पर बंद केल्याची, तक्रार कुठेही करता येत नाही. तो कराराचा भाग असतो आणि करारावर ‘आय ॲग्री’ आपणच दाबलेले असते.

शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल निदान आकडे तरी आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. व्यवहाराचा खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. तीन चतुर्थांशांहून अधिक ट्रेडरनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे नोंदवले होते. आणि सर्वांत काळजी वाटावी असा आकडा हा: लागोपाठ वर्षे तोटा होऊनही तोट्यातल्या पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी ट्रेडिंग सोडले नाही. २०२४-२५ च्या पुढच्या अभ्यासातही ९१ टक्के तोट्यातच होते. हा नियंत्रित बाजार आहे. तो साडेतीनला बंद होतो, मार्जिनचे नियम कडक आहेत आणि वर नियामक बसलेला आहे. क्रिप्टो सेबीच्या कक्षेत येत नाही. तिथे बाजार बंद होत नाही आणि कित्येक ॲपवर शंभरपट लिव्हरेज बोटाच्या एका सरकवणीने मिळते.

मुंबई आणि तिच्या आसपासच्या मुलखाला उधारीच्या सट्ट्याची ओळख क्रिप्टोने करून दिलेली नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच काळात लोहमार्गाने १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडला. दोन्ही घाटांच्या गाड्या कल्याणला एकत्र येऊन पुढे ठाण्यावरून मुंबईत जात. कापसातून आलेला पैसा शेअरमध्ये वळला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात पोहोचला. व्यवहार मुदतीचे होते, म्हणजे आज सौदा करायचा आणि पैसे नंतर चुकवायचे. खिशात शंभर असणारा हजारांचे सौदे करू शकत होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, त्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. मुदतीच्या सौद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस होता १ जुलै १८६५. त्या दिवशी देणी देण्याइतका पैसा कोणाकडेच नव्हता. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बाजाराचे राजे बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली.

त्यानंतरच्या पिढ्यांना बदला माहीत आहे. दलाल स्ट्रीटवर नोकरी केलेले ठाण्या-डोंबिवलीतले वयस्क लोक आजही त्याबद्दल सांगू शकतील. सौद्याचे पैसे न देता तो पुढच्या सेटलमेंटवर ढकलायचा आणि त्यासाठी शुल्क भरायचे. तेजीवाले जास्त असले की त्यांनी मंदीवाल्यांना किंवा पैसे पुरवणाऱ्यांना बदला द्यायचा. माल कमी आणि मंदीवाले जास्त झाले की उंधा बदला, म्हणजे पैसे उलट दिशेने. जुलै २००१ मध्ये सेबीने बदला बंद केला. क्रिप्टोत २०१६ पासून रूढ झालेला ‘पर्पेच्युअल’ करार, ज्याला एक्सपायरीच नसते, तो याच वळणाचा आहे. अशा कराराची कल्पना अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली होती. बिटमेक्स या एक्सचेंजने ती शंभरपट लिव्हरेजसह बिटकॉइनला लावली. त्यातले ‘फंडिंग’ म्हणजे दर काही तासांनी लागणारा बदला. फंडिंग धन असेल तर तेजीवाले मंदीवाल्यांना देतात, ऋण असेल तर उंधा. नाव नवे असले तरी प्रश्न जुनाच आहे: सौदा पुढे ढकलण्याची किंमत कोण भरतो आणि किती दिवस भरू शकतो?

लिव्हरेज हा शब्द परका वाटला तरी या पट्ट्यातली कित्येक कुटुंबे त्यावरच राहतात. घोडबंदर रोडवर किंवा पलावात वीस टक्के स्वतःचे आणि ऐंशी टक्के बँकेचे घालून घेतलेला फ्लॅट म्हणजे पाचपट लिव्हरेजच. पण फ्लॅटचा भाव वीस टक्क्यांनी उतरला म्हणून बँक रात्री अडीचला येऊन घर विकत नाही. हप्ता वेळेवर जातो तोवर ती भावाकडे पाहतही नाही. क्रिप्टो फ्युचर्समध्ये हप्ता नसतो, भाव असतो, आणि तो दर सेकंदाला तपासला जातो. एक लाख मार्जिनवर, म्हणजे स्वतःच्या तारण रकमेवर, वीसपट म्हणजे वीस लाखांचा सौदा. भाव पाच टक्के विरुद्ध गेला की एक लाख संपले. प्रत्यक्षात एक्सचेंज इतकाही वेळ देत नाही. किमान मार्जिनची अट असते, त्यामुळे साधारण साडेचार टक्क्यांच्या आसपासच सौदा कापला जातो. बिटकॉइनमध्ये साडेचार टक्क्यांची हालचाल ही काही संकटाची खूण नाही. पुष्कळ आठवड्यांत ती एकदा तरी येते. म्हणजे वीसपट लिव्हरेज घेणारा माणूस मोठ्या कोसळण्यात मरत नाही, तर बाजाराच्या रोजच्या श्वासोच्छ्वासातच संपतो.

इथे सावकाश जायला हवे, कारण जोखीम व्यवस्थापनाचा गाभा इथे आहे.

समजा कोणाचे क्रिप्टो ट्रेडिंगसाठी बाजूला काढलेले भांडवल दोन लाख आहे. एका सौद्यात एक टक्क्याहून जास्त गमवायचे नाही असे त्याने ठरवले, म्हणजे दोन हजार. चार्ट पाहून त्याला वाटते की खरेदीच्या भावापासून चार टक्के खाली भाव गेला तर आपला अंदाज चुकला, म्हणून तिथे स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथे गेला की सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर. आता सौदा केवढा असावा? चार टक्के म्हणजे दोन हजार व्हायला हवेत, म्हणजे सौदा पन्नास हजारांचा. दोन लाखांच्या भांडवलावर पन्नास हजारांचा! उधारीची गरजच पडली नाही. जोखीम आधी ठरवली की सौद्याचा आकार आपोआप निघतो, आणि तो बहुतेक वेळा ॲपने दाखवलेल्या आकाराच्या मानाने फारच लहान असतो. बहुसंख्य लोक हे गणित उलटे करतात. आधी लिव्हरेजची पट्टी ओढतात, त्यावरून सौदा ठरतो आणि जोखीम नंतर, तोट्याच्या रूपात कळते.

मग लिव्हरेजचा उपयोग काय? एकच प्रामाणिक उपयोग दिसतो: एक्सचेंजवर कमी पैसा ठेवणे. पन्नास हजारांचा तोच सौदा पाचपट लिव्हरेजवर दहा हजारांच्या मार्जिनवर होतो आणि उरलेले एक लाख नव्वद हजार बँकेत राहतात. पाचपटीला लिक्विडेशन सुमारे साडेएकोणीस टक्क्यांवर येईल आणि स्टॉपलॉस चार टक्क्यांवर आहे, मध्ये भरपूर अंतर आहे. हाच सौदा वीसपटीवर घेतला तर मार्जिन अडीच हजार लागेल, पण लिक्विडेशन साडेचार टक्क्यांवर येऊन स्टॉपलॉसला टेकेल. भाव जोरात पडताना स्टॉपलॉस ठरल्या जागी लागतोच असे नाही. ११ ऑक्टोबरच्या पहाटे हे हजारोंनी अनुभवले. मार्जिन ‘आयसोलेटेड’ आहे की ‘क्रॉस’ हेही पाहायला हवे. क्रॉसमध्ये वॉलेटमधली सगळी रक्कम एकाच सौद्याला तारण राहते, आणि नवख्यांची खाती रिकामी होतात ती बहुधा याच दाराने.

एक टक्का हा आकडा भित्रेपणाचा वाटेल. तो का लागतो, हे शक्यतेच्या साध्या हिशेबातून दिसते. निम्मे सौदे जिंकणाऱ्या माणसाच्या शंभर सौद्यांत कधीतरी सलग सहा तोट्याचे सौदे येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांहून अधिक आहे. हे दुर्दैव नव्हे, ही नेहमीची गोष्ट आहे. दर सौद्यात एक टक्का लावणाऱ्याचे यात सुमारे सहा टक्के जातील. दहा टक्के लावणाऱ्याचे सत्तेचाळीस टक्के जातील, आणि सत्तेचाळीस भरून काढायला उरलेल्यावर जवळजवळ एकोणनव्वद टक्के कमवावे लागतील. इथेच माणूस लिव्हरेज वाढवतो, ‘रिकव्हर’ करायला.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समधले जॉन केली यांनी १९५६ मध्ये याच प्रश्नावर एक सूत्र मांडले. समसमान मोबदल्याच्या खेळात शंभरपैकी पंचावन्न वेळा जिंकणारा, म्हणजे खरोखर वरचढ असलेला खेळाडू घेतला, तर त्याने दर वेळी भांडवलाच्या दहा टक्के लावले की वाढ सर्वाधिक होते. वीस टक्के लावले की लांब पल्ल्यात वाढ जवळजवळ शून्य होते. त्याच्या वर गेला की जिंकणाऱ्या खेळातही तो कंगाल होतो. अंदाज बरोबर असूनही सौद्याचा आकार माणसाला बुडवू शकतो, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही सूत्राने दाखवलेले नाही. आपले पंचावन्न टक्के खरोखर पंचावन्न आहेत की नशिबाने चार महिने चांगले गेले आहेत, हे कोणाला नेमके ठाऊक असते? म्हणून अनुभवी लोक केलीच्या निम्मे किंवा पावपटच लावतात. १९९८ मध्ये उधारीवरच्या अवाढव्य सौद्यांनी बुडालेल्या लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाच्या भागीदारांत दोन नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ होते. तिथे गणित कोणाला येत नव्हते असे म्हणता येणार नाही.

खर्चाची बाजू लोक जवळजवळ पाहतच नाहीत. वीस लाखांच्या सौद्यावर घेताना आणि विकताना प्रत्येकी ०.०५ टक्के शुल्क धरले तरी दोन हजार जातात. मार्जिनच्या एक लाखावर ते दोन टक्के झाले, वर शुल्कावर १८ टक्के जीएसटी. महिन्यात असे दहा सौदे केले की नफा-तोटा बाजूला ठेवला तरी वीस टक्क्यांहून अधिक भांडवल एक्सचेंजकडे गेलेले असते. फंडिंग दर आठ तासांनी ०.०१ टक्का असेल तर वीसपटीला ते मार्जिनच्या रोज ०.६ टक्के पडते, महिनाभर सौदा धरला तर अठरा टक्के. शिवाय कर आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या हस्तांतरणातील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो आणि तोट्याची वजावट दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून मिळत नाही. त्याच वर्षीच्या १ जुलैपासून एक टक्का टीडीएस आहे. नाणे प्रत्यक्ष हातात न येणाऱ्या फ्युचर्सला स्वतंत्र कर-तरतूद नाही, म्हणून पहिल्या सौद्याआधी सनदी लेखापालाशी बोलणे हाही जोखीम व्यवस्थापनाचाच भाग आहे.

घड्याळाचा प्रश्न या पट्ट्यातल्या माणसासाठी खास आहे. बड्या एक्सचेंजवर फंडिंगच्या नेहमीच्या वेळा भारतीय घड्याळात पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ. अमेरिकेच्या महागाईचे आकडे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सहाला येतात, हिवाळ्यात सातला. फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकरा किंवा साडेबाराला. बाजार सर्वांत जास्त उसळतो त्या संध्याकाळच्या वेळी डोंबिवलीचा माणूस घाटकोपर-ठाण्याच्या दरम्यान गाडीत उभा असतो, हात वर दांडीला आणि मोबाईल खिशात. त्या गर्दीत खिशापर्यंत हात पोहोचला तरी नशीब. ‘मी लक्ष ठेवीन आणि वेळ आली की बाहेर पडेन’ ही योजना त्याच्यासाठी योजनाच नाही. स्टॉपलॉसची ऑर्डर सौद्याबरोबरच एक्सचेंजवर लागलेली हवी, आणि सौदा एवढाच हवा की प्रवासात, कामात किंवा झोपेत तो पाहावा लागू नये. रात्री तीनला उठून भाव पाहावासा वाटतो, याचा अर्थ सौदा मोठा झाला आहे. तो सकाळी निम्मा करावा.

शिस्त म्हणजे मनाचा निग्रह, असे या क्षेत्रात फार सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तोट्यात बसलेल्या माणसाच्या निग्रहावर कोणतीही व्यवस्था उभी करू नये. भाव खाली येतो तेव्हा तो स्टॉपलॉस खाली सरकवतो, आणखी माल घेऊन ‘ॲव्हरेज’ करतो, तीन तोट्यांनंतर चौथा सौदा तिप्पट घेतो. हे करणारी माणसे मूर्ख नसतात. त्यांच्यात इंजिनिअर, सीए, बँक अधिकारी असतात. तेव्हा निर्णय शांत वेळी घ्यायचे आणि ते बदलणे अवघड करून ठेवायचे. दिवसाचा तोटा तीन टक्के झाला की ॲपमधून लॉग-आउट आणि उद्यापर्यंत बंद. महिन्याचा तोटा दहा टक्के झाला की महिना संपेपर्यंत बंद. एक्सचेंजवर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि ती संपली तर पुढच्या पगारातून भरायची नाही. यूपीआयने दहा सेकंदांत पैसे भरता येतात, ही सोय तोट्याच्या क्षणी सर्वांत घातक ठरते. म्हणून ट्रेडिंगचे बँक खाते पगाराच्या खात्यापासून वेगळे, आणि शक्य तर दुसऱ्या बँकेत.

एक्सचेंज स्वतः बुडण्याची जोखीमही याच हिशेबात धरावी लागते. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्सचेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सायबर हल्ला झाला. सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे ग्राहकांच्या एकूण मालमत्तेच्या साधारण पंचेचाळीस टक्के रक्कम गेली आणि लाखो भारतीयांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. २०२५ च्या जुलैमध्ये कॉइनडीसीएक्स या एक्सचेंजच्या कंपनीखात्यातून सुमारे साडेचार कोटी डॉलर चोरीला गेले. तेव्हा ग्राहकांचे नुकसान कंपनीने स्वतःच्या निधीतून टाळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातले एक अव्वल एक्सचेंज नऊ-दहा दिवसांत दिवाळखोरीत गेले. मार्च २०२३ पासून भारतात काम करणाऱ्या एक्सचेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (एफआययू) नोंदणी करावी लागते. ती आहे का, एवढे तपासणे ही किमान पायरी. पण नोंदणी म्हणजे ठेवीचा विमा नव्हे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला मिळते तसले संरक्षण इथे नाही.

आणखी एक गोष्ट कठोरपणे म्हटली पाहिजे. ॲपवरून मिळालेले वैयक्तिक कर्ज, सोनेतारण किंवा क्रेडिट कार्डाचा पैसा मार्जिन म्हणून घालणे, हे उधारीवर उधारी रचणे आहे. एक्सचेंजवर खाते शून्यावर जाऊन थांबते, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. घरी न सांगता घेतलेले कर्ज सर्वांत आधी घरातल्यांचा विश्वास खाते, आणि तो तोटा कोणत्याही खात्यात दिसत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत नसेल, आरोग्य विमा नसेल, तर लिव्हरेजचा विचारच बाजूला ठेवावा. हा सल्ला अनेकांना जाचक वाटेल, तरी तो सौम्य करण्यात अर्थ नाही.

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने एक वही ठेवावी. प्रत्येक सौद्याआधी चार गोष्टी लिहाव्यात: का घेतो आहे, कुठे चुकलो असे मानणार, चुकलो तर किती रुपये जातील, आणि ते भांडवलाच्या किती टक्के. सौदा संपल्यावर पाचवी: नियम पाळला का? नफ्याचा पण नियम मोडून घेतलेला सौदा त्या वहीत वाईट म्हणूनच नोंदवावा, आणि तोट्याचा पण नियमाने घेतलेला चांगला म्हणून. शंभर नोंदी होईपर्यंत लिव्हरेज न घेता, लहान रकमेने करावे. त्या शंभर नोंदींचा शुल्क-करासकट हिशेब तोट्याचा निघाला, तर लिव्हरेज तो तोटा फक्त वेगाने आणेल, आणि तिथे थांबणे हा पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे.

मोठ्या देशांनी ही लिव्हरेजची पट्टी वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी क्रिप्टोवरच्या सीएफडी, म्हणजे भावातल्या फरकावरच्या, करारांना दोनपटीची मर्यादा घातली. जपानने ती मे २०२० पासून दोनपटीवर आणली. ब्रिटनने जानेवारी २०२१ पासून किरकोळ ग्राहकांना क्रिप्टो डेरिव्हेटिव्ह विकण्यावर पूर्ण बंदीच घातली. २०२१ च्या जुलैमध्ये बायनान्स या एक्सचेंजनेही नव्या खात्यांसाठी सव्वाशेपटीऐवजी वीसपटीची मर्यादा लावली. भारतात क्रिप्टो फ्युचर्ससाठी असा कायद्याचा आकडा नाही, म्हणून तो ज्याने त्याने स्वतःसाठी लिहून ठेवावा लागतो. नवख्या माणसाने युरोप आणि जपानच्या नियामकांनी निवडलेला दोनपटीचा आकडा घ्यावा, आणि वहीत शंभर नोंदी होईपर्यंत तोही वापरू नये.